मेंदूचा काठ

करमाडच्या शिवारात रब्बीचा हरभरा महिन्याचा झाला की सकाळच्या कोवळ्या उन्हात बायका तासातासाने चालताना दिसतात. ओच्यात हरभऱ्याचे शेंडे खुडून घेतात. संध्याकाळी त्याची भाजी आणि बाजरीची भाकरी होते. पण खुडणं नुसतं भाजीसाठी नसतं. शेंडा खुडला की हरभरा फुटतो. बाजूच्या फांद्या वाढतात आणि घाटे जास्त लागतात. कपाशीच्या ओळीत लावलेल्या तुरीचा शेंडाही याच कारणासाठी खुडतात.

हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण क्षणभर थांबून विचारून पाहू. बाजूच्या फांदीचा डोळा पानाच्या बेचक्यात आधीपासूनच होता. पाणी तेच, माती तीच, ऊनही तेच. मग तो इतके दिवस गप्प का बसला होता? आणि शेंडा गेल्याची बातमी त्याला दिली कोणी?

याचं उत्तर १९३०च्या दशकात केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या दोघांनी घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय रोपावर शोधलं. वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं रसायन तयार होतं आणि खोडातून खाली वाहतं. ते वाहत असेपर्यंत खालचे डोळे दबलेले राहतात. या दोघांनी शेंडा कापला, तेव्हा डोळे जागे झाले. मग कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं, तेव्हा शेंडा नसूनही डोळे दबलेलेच राहिले. काढून पाहायचं आणि लावून पाहायचं. इतकी साधी रीत, पण दोन्हीकडून उत्तर जुळलं की शंकेला जागा उरत नाही.

गर्भातल्या मेंदूची घडण समजून घेताना मला हरभऱ्याचा हा डोळा सारखा आठवतो. मेंदूच्या पेशीही अशाच एकमेकींना निरोप देतात, एकमेकींना दाबून धरतात, मोकळं करतात. संशोधकांनी हे निरोप शोधले तेही याच रीतीने: काढून पाहिलं आणि लावून पाहिलं. यातला एक महत्त्वाचा शोध आपल्या मुंबईत लागला. तिथपर्यंत पायरीपायरीने जाऊ.

करंजीच्या कडा

मेंदूच्या सर्वांत वरच्या आवरणाला कॉर्टेक्स म्हणतात. मराठीत मेंदूचं बाह्यपटल. बोलणं, पाहिलेलं ओळखणं, हिशेब करणं, ठरवणं ही कामं प्रामुख्याने इथे होतात. त्याची जाडी फक्त २ ते ४ मिलिमीटर असते. ते वळ्या घालून कवटीत बसवलेलं असतं. उलगडून पसरलं तर वर्तमानपत्राच्या एका पानाएवढं भरेल. त्यात सुमारे १६०० कोटी चेतापेशी असतात आणि बहुतेक भागांत त्या सहा थरांत रचलेल्या असतात.

या सगळ्याची सुरुवात एका सपाट चकतीपासून होते. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक पट्टी जाड होते. मग तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि मध्यावर येऊन जुळतात. पुरीच्या दोन कडा उचलून करंजी मिटवावी, तसंच. मिटल्यावर जी नळी तयार होते ती मज्जानलिका. गर्भधारणेपासून साधारण २८व्या दिवसापर्यंत ती दोन्ही टोकांना बंद झालेली असते. तिच्या मागच्या भागाचा मज्जारज्जू होतो. पुढचं टोक फुगतं आणि त्याचा मेंदू होतो. अगदी पुढे डावा आणि उजवा असे दोन फुगे येतात. त्यांच्या भिंतीतून कॉर्टेक्स घडतं.

सुरुवातीला ही भिंत एका पेशीएवढ्याच जाडीची असते. त्यातल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. तरीही पुढे या भिंतीचा एक तुकडा डोळ्यांकडून आलेलं वाचणारा होतो, दुसरा हातपाय हलवणारा, तिसरा आठवणी साठवणारा. जनुकं सारखी असताना हा फरक पडतो कुठून?

पेशी कुठे आहे आणि तिच्या शेजारी कोण आहे, यावरून तो पडतो.

हौदाचा बोळा

पेशी निरोप देते म्हणजे नेमकं काय करते, हे एका उदाहरणाने नीट पाहू. विंट नावाच्या संकेताचं उदाहरण घेऊ. ते निवडण्यामागे एक कारण आहे. या नावातला पहिला भाग ‘विंगलेस’ या फळमाशीच्या वाणावरून आला आहे. पंख नसलेल्या या माशीचं वर्णन १९७०च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी केलं. पिकांवर काम करणाऱ्या संस्थेत नोंदवलेली ती माशी पुढे जगभरच्या मेंदूसंशोधनाच्या कामी आली. माशीचा पंख आणि माणसाचा मेंदू घडवताना पेशी जो निरोप वापरतात, तो एकाच घराण्यातला आहे.

विंट हे एक प्रथिन आहे. एक पेशी ते बनवते आणि बाहेर सोडते. शेजारच्या पेशीच्या अंगावर ग्राही नावाची प्रथिनं असतात. कुलपात किल्ली बसावी तसं विंट या ग्राहीत बसतं. पण ते आत जात नाही. आत काय होतं ते पाहा.

पेशीच्या आत बीटा-कॅटेनिन नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. विंट नसतं तेव्हा काही प्रथिनांची एक टोळी ते तितक्याच वेगाने मोडून टाकते. हौदात वरून नळ सुरू आहे आणि खालचा बोळा काढलेला आहे, अशी ही स्थिती. पाणी येतं आणि जातं, हौद रिकामाच राहतो. विंट ग्राहीला येऊन बसलं की मोडणारी टोळी ग्राहीकडे ओढली जाते आणि तिचं काम थांबतं. बोळा बसला. नळाची धार वाढलेली नाही, तरी हौद भरू लागतो. भरपूर साठलेलं बीटा-कॅटेनिन मग पेशीच्या केंद्रकात शिरतं, तिथल्या साथीदार प्रथिनांशी जोडलं जातं आणि ठरावीक जनुकं सुरू करतं.

कोणती जनुकं सुरू होणार, हे मात्र ऐकणाऱ्या पेशीवर अवलंबून असतं. एकच विंट आतड्यात एक काम करवून घेतं, हाडात दुसरं, मेंदूत तिसरं. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो. काळ्या रानात त्याने वाफसा यायला वेळ लागतो, मुरमाड रानात लवकर येतो. तसाच निरोप एकच असला तरी पेशीची त्या वेळची तयारी पाहून त्याचा अर्थ ठरतो. ही तयारी हा या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

मेंदू घडवताना अशी संकेतांची मोजकीच घराणी कामाला असतात. विंट, एफजीएफ, बीएमपी, सॉनिक हेजहॉग आणि नॉच ही त्यातली मुख्य. कमी अक्षरांतून भाषा उभी राहते, तसा या मोजक्या संकेतांच्या मेळातून मेंदू उभा राहतो.

पाटाच्या मुखाशी आणि शेवटाला

निरोप पोचला की नाही इतकंच महत्त्वाचं नसतं. किती पोचला हेही महत्त्वाचं असतं.

विहिरीवरून पाट सोडला की मुखाजवळच्या वाफ्याला पाणी भरपूर मिळतं, मधल्याला बेताचं, शेवटच्या वाफ्याला जेमतेम ओल. डोळे मिटून नुसती ओल चाचपली तरी आपण मुखापासून किती दूर आहोत ते सांगता येईल. मेंदूच्या भिंतीतल्या पेशी हेच करतात. अगदी पुढच्या टोकाला पेशींचा एक लहानसा गट एफजीएफ-८ नावाचं प्रथिन सोडतो. पुढे ते दाट असतं आणि मागे जाता जाता विरळ होत जातं. भरपूर एफजीएफ-८ मिळालेली पेशी पुढच्या भागाची होते, कमी मिळालेली मागच्या भागाची.

हे खरं कशावरून? शिकागो विद्यापीठात तोमोमी फुकुची-शिमोगोरी आणि एलिझाबेथ ग्रोव्ह यांनी २००१ साली ते पडताळून पाहिलं. उंदराच्या मिशांचा एकेक केस मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये एकेका ठिपक्याशी जोडलेला असतो. हे ठिपके रांगांनी मांडलेले असल्यामुळे ते नकाशासारखे वाचता येतात. या दोघींनी गर्भातल्या उंदराच्या मेंदूत पुढच्या टोकाला एफजीएफ-८ वाढवलं, तेव्हा मिशांचा नकाशा मागे सरकला. ते कमी केलं, तेव्हा नकाशा पुढे सरकला. मग त्यांनी मागच्या टोकाला, जिथे ते मुळीच नसायला हवं, तिथे एफजीएफ-८चा नवा उगम तयार केला. काही उंदरांत तिथे मिशांच्या नकाशाचा दुसरा अर्धवट तुकडा उमटला, तोही आरशात पाहिल्यासारखा उलटा. शेताच्या दुसऱ्या टोकालाही पाट फोडला, तर ओल दोन्हीकडून मध्याकडे कमी होत जाणार. तसंच इथे घडलं.

काठ

आता मुंबईकडे येऊ.

पैठणी विणताना काठ वेगळा विणला जातो. अंगाचा रंग एक, काठाचा दुसरा. डोकं वाढू लागलेल्या गर्भाच्या मेंदूतही कॉर्टेक्सच्या आतल्या कडेला, दोन अर्धगोल एकमेकांना भिडतात त्या बाजूला, पेशींची एक अरुंद पट्टी असते. तिला संशोधक कॉर्टेक्सचा काठ म्हणतात. या काठाच्या पेशी स्वतः कॉर्टेक्स होत नाहीत. त्या विंट घराण्यातली अनेक प्रथिनं आणि त्यासोबत बीएमपी सोडत बसतात. १९९८ साली या पट्टीचं वर्णन करणाऱ्या शोधनिबंधात एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्यासोबत शुभा टोळे यांचं नाव होतं.

शुभा टोळे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये त्यांनी पीएचडी केली, ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि १९९९ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपली प्रयोगशाळा सुरू केली. २०१० साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार. मेंदू घडतो कसा, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय राहिला आहे.

काठाला अगदी खेटून हिप्पोकॅम्पस तयार होतो. आजचं लक्षात ठेवणं, घरी परतायची वाट आठवणं, ही कामं त्याच्यावर अवलंबून असतात. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर आजारात सुरुवातीलाच ज्या भागांना झळ बसते त्यांत हा एक. हिप्पोकॅम्पस नेमका काठाशेजारीच का होतो? काठाच्या निरोपामुळे होतो का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात ‘काढून पाहण्याची’ बाजू पूर्ण झाली. काठातून निघणारं विंट-३ए नसलेल्या उंदरांत हिप्पोकॅम्पस जवळजवळ घडलाच नाही. या कामातही टोळे सहलेखिका होत्या.

राहिली ‘लावून पाहण्याची’ बाजू. काठ दुसरीकडे नेऊन ठेवला, तर तिथे हिप्पोकॅम्पस उगवेल का? सुईच्या अग्राएवढ्या पेशी उचलून गर्भातल्या उंदराच्या मेंदूत दुसरीकडे लावणं फार अवघड. वाट सापडली ती एका जनुकातून. त्याचं नाव एलएचएक्स-२.

हे जनुक कॉर्टेक्स होणाऱ्या पेशींत चालू असतं आणि काठाच्या पेशींत बंद असतं. ज्या उंदरांत ते मुळातच नव्हतं, त्यांच्यात काठ बेसुमार पसरलेला दिसला. म्हणजे एलएचएक्स-२ पेशीला काठ होण्यापासून रोखत होतं. हरभऱ्याच्या शेंड्यासारखंच. रोखणारा गेला आणि दबलेली शक्यता उफाळून वर आली.

पण या उंदरांत काठ भरपूर असूनही हिप्पोकॅम्पस नव्हता. असं का? कारण उरलेल्या कोणत्याच पेशीत एलएचएक्स-२ नव्हतं. निरोप सांगणारे उदंड झाले होते, पण तो ऐकून कॉर्टेक्सच्या वाटेने जाऊ शकेल अशी एकही पेशी शेजारी नव्हती.

तेव्हा टोळे यांच्या चमूने आणि कॅलिफोर्नियातल्या एडविन मोनुकी यांच्या प्रयोगशाळेने मिश्र मेंदू तपासले. त्यांत काही पेशींत एलएचएक्स-२ होतं आणि काहींत नव्हतं. ते नसलेल्या पेशी एकमेकींना धरून ठिकठिकाणी पुंजक्याने राहिल्या आणि त्या प्रत्येक पुंजक्याचा काठ झाला. त्या पुंजक्यांना लागून असलेल्या सर्वसाधारण पेशींनी काय केलं? त्यांनी हिप्पोकॅम्पस घडवला. जिथे जिथे नवा काठ, तिथे तिथे त्याच्या शेजारी हिप्पोकॅम्पस. एका मेंदूत अनेक. २००८ साली हे काम ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

याचं मोल समजायला थोडं मागे जावं लागेल. १९२४ साली जर्मनीत हिल्डे मांगोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी एका जलचर सरड्यासारख्या प्राण्याच्या भ्रूणातला छोटा तुकडा दुसऱ्या भ्रूणावर लावला आणि तिथे दुसरं शरीर उभं राहिलं. लावलेल्या तुकड्याने शेजारच्या पेशींना कामाला लावलं होतं. अशा तुकड्याला ‘संघटक’ म्हणतात. मेंदूतला काठ हा असा संघटक आहे असा अंदाज होता. २००८च्या कामाने तो सिद्ध केला.

त्यात आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. एलएचएक्स-२ अगदी सुरुवातीला काढलं तरच पेशींचा काठ होत होता. उंदराच्या गर्भात साधारण साडेदहाव्या दिवसानंतर ते काढलं तर काठ होईनासा झाला. त्यानंतर थोडक्या काळात काढलं तर कॉर्टेक्सचा वेगळाच, वासाशी निगडित भाग तयार होतो, हे २००९ साली अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या डेनिस ओलिअरी यांच्या गटाने दाखवलं. जनुक तेच, काढणंही तेच. दिवस बदलला आणि फळ बदललं.

शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. पेरणी वाफशावर करायची असते. ओल जास्त असताना तिफण चालत नाही आणि वाफसा उडून गेल्यावर टाकलेलं बी उगवत नाही. पेशीलाही असाच वाफसा असतो.

बियाणं राखणं

आतापर्यंत कोणता भाग कुठे होईल ते पाहिलं. आता मेंदू मोठा कसा होतो ते पाहू.

भिंतीतल्या मूळपेशी आधी दुप्पट होत जातात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. दहा फेऱ्यांत एकीच्या १०२४ होतात, अकराव्या फेरीत २०४८. म्हणजे शेवटच्या एका फेरीने आधीच्या सगळ्यांइतकी भर पडते. त्यानंतर त्या वेगळ्या रीतीने विभागू लागतात: दोन लेकींपैकी एक मूळपेशी राहते आणि दुसरी चेतापेशी व्हायच्या वाटेला लागते. चेतापेशी झाली की विभागणं संपलं.

म्हणून दुप्पट होणं कधी थांबवायचं, यावर मेंदूचा आकार ठरतो. लवकर थांबलं तर मूळपेशी कमी आणि मेंदू लहान. इथे नॉच कामाला येतो. विंट आणि एफजीएफ थोडं दूरवर जाऊ शकतात. नॉचला मात्र अंगाला अंग लागावं लागतं. चेतापेशी होऊ घातलेली पेशी आपल्या अंगावर डेल्टा नावाचं प्रथिन धरते. ते शेजारणीच्या अंगावरच्या नॉचला भिडलं की नॉचचा आतला तुकडा कापला जातो आणि थेट केंद्रकात जाऊन सांगतो, “तू अजून मूळपेशीच राहा.” नॉच बंद पाडला तर पेशी घाईघाईने चेतापेशी होतात, साठा संपतो आणि मेंदू खुजा राहतो. पेरणीसाठी राखलेली ज्वारी दळून खाल्ली तर पुढच्या सालाला काय उरणार?

उलटं करून पाहिलं तर? २००२ साली अमेरिकेत अंजेन चेन आणि ख्रिस्तोफर वॉल्श यांनी उंदराच्या मूळपेशींत न मोडणारं बीटा-कॅटेनिन घातलं. म्हणजे हौदाचा बोळा कायमचा बसवला. पेशी विभागतच राहिल्या. उंदराचं कॉर्टेक्स एरवी गुळगुळीत असतं. या उंदरांच्या कॉर्टेक्सचं क्षेत्रफळ इतकं वाढलं की माणसाच्या मेंदूसारख्या वळ्या पडल्या. जाडी मात्र वाढली नाही. पास्को राकिच यांनी १९८८ साली मांडलेला विचार याला जुळतो: मूळपेशी किती आहेत यावर कॉर्टेक्सचं क्षेत्रफळ ठरतं आणि प्रत्येक मूळपेशी किती काळ चेतापेशी देते यावर त्याची जाडी.

वरचा मजला शेवटी

चेतापेशी जन्मतात भिंतीच्या आतल्या अंगाला. त्यांना जायचं असतं बाहेरच्या अंगाला. मूळपेशींचे लांब तंतू आतून बाहेरपर्यंत ताणलेले असतात. नवी चेतापेशी त्यांना धरून वर चढते, जशी वेल दोरीने मांडवावर चढावी. आधी जन्मलेल्या पेशी खालचे थर धरतात. नंतर जन्मलेल्या त्यांच्या मधून वाट काढत वर जातात. म्हणजे सर्वांत नव्या पेशी सर्वांत वर. जे. बी. अँजेव्हिन आणि रिचर्ड सिडमन यांनी १९६१ साली नव्या पेशींवर किरणोत्सारी खूण करून हा क्रम दाखवला.

वर पोचल्यावर थांबायचं कुठे? सर्वांत वरच्या पातळ पडद्यात काहाल-रेट्झियस नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्या रीलिन नावाचं प्रथिन सोडतात. चढणाऱ्या पेशींना आपली जागा कळते ती रीलिनमुळे. १९५१ साली एडिंबराच्या डग्लस फाल्कनर यांनी झोकांड्या खात चालणाऱ्या एका उंदराची नोंद केली होती. त्याच्या कॉर्टेक्सचे थर जवळजवळ उलटे रचलेले असतात, कारण नव्या पेशी जुन्यांना ओलांडून पुढे जाऊ शकत नाहीत. त्यात बिघडलेलं जनुक १९९५ साली सापडलं. ते रीलिनचं होतं.

आणि या काहाल-रेट्झियस पेशी येतात कुठून? त्यांतल्या पुष्कळशा त्या काठातूनच निघतात आणि कॉर्टेक्सभर पसरतात. ज्या काठाने शेजारी हिप्पोकॅम्पस घडवला, त्याच काठाची लेकरं दूरवर जाऊन साऱ्या थरांना शिस्त लावतात. पैठणीचा काठही नुसता शोभेसाठी नसतो. अंगाची कड तो बांधून ठेवतो.

गर्भाचा वाफसा

हे सारं उंदरांच्या आणि माश्यांच्या प्रयोगातून उलगडलं. पण निरोप चुकला किंवा अडला तर काय होतं, हे निसर्गानेही दाखवलं आहे.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढपाळांच्या कळपांत कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मू लागली. माग काढता काढता असं कळलं की गाभण मेंढीने चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोंगरावरची एक विशिष्ट वनस्पती खाल्ली, तर असं होतं. त्या वनस्पतीतलं सायक्लोपामिन हे द्रव्य सॉनिक हेजहॉगचा संकेत अडवतं. मेंदूच्या पुढच्या टोकाचे डावा-उजवा असे दोन भाग व्हायला हा संकेत लागतो. नेमक्या त्या दिवसांत तो अडला, तर मेंदू दुभागत नाही आणि डोळाही एकच राहतो.

झिका विषाणू दुसऱ्या वाटेने घात करतो. तो त्या मूळपेशींमध्येच शिरतो आणि त्यांचा साठा कमी करतो. २०१५ साली ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मली ती त्यामुळे. आपल्या राज्यात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात आढळला, आणि २०२४ साली पुण्यात गरोदर महिलांनाही लागण झाल्याचं नोंदलं गेलं. हा विषाणू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या आपल्या मराठवाड्यात ड्रम आणि रांजण झाकून ठेवणं आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणं याचं मोल त्यामुळे अधिक आहे.

थायरॉइडचं संप्रेरकही मेंदूच्या घडणीतला एक निरोपच आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेशी कामाला लागेपर्यंत निम्मं गरोदरपण उलटतं. तोवर हा निरोप आईच्या रक्तातून येतो, आणि तो बनवायला आयोडीन लागतं. घरातलं आयोडीनयुक्त मीठ हे गर्भातल्या बाळाच्या कॉर्टेक्सपर्यंत पोचतं, ते असं.

शेवटी पुन्हा त्या करंजीच्या कडांकडे येऊ. त्या २८ दिवसांत जुळाव्या लागतात. त्या जुळल्या नाहीत तर बाळाच्या पाठीचा मणका उघडा राहतो किंवा मेंदू घडतच नाही. या वेळी पेशी झपाट्याने विभागत असतात आणि नवा डीएनए बनवायला फॉलिक ॲसिड लागतं. आधीचं एक बाळ अशा व्यंगाचं झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर ते व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ साली ७ देशांतल्या ३३ केंद्रांवरच्या अभ्यासातून सिद्ध झालं. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी असते.

पण हिशेब करून पाहा. पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हा गर्भधारणेला दोन आठवडे झालेले असतात. नळी मिटायला जेमतेम आणखी दोन आठवडे उरतात. त्यात घरी सांगायचं, आशाताईंकडे नाव नोंदवायचं, दवाखान्यात जायचं. गोळी हाती येईपर्यंत कडा बहुधा मिटलेल्या असतात, किंवा उघड्या राहिलेल्या. म्हणून ही गोळी मूल होऊ द्यायचं ठरवलं तेव्हापासूनच सुरू व्हायला हवी. ज्यांना फिट येतात त्यांनी तर आधीच डॉक्टरांशी बोलायला हवं, कारण व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं याच काळात बाधतात. पण कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

शिवारात पहिला पाऊस पडायच्या आधी माणसं बियाणं, खत आणि तिफण तयार ठेवतात. वाफसा आला की धावाधाव करून भागत नाही, हे प्रत्येक पिढीने मागच्या पिढीकडून शिकलेलं असतं. नव्या सुनेच्या घरातही तशीच तयारी असावी. तिच्या पोटात जो वाफसा येणार आहे तो महिनाभराचाच असतो, आणि तो आल्याचं कळायच्या आत निम्मा सरलेला असतो.